सरांची इर्जिक

जुलै उजाडला की मी रजेचा अर्ज टाकते. एकाच दिवसाचा. कारण म्हणून "गावी भाताची लावणी" असं लिहिते, आणि आमच्या मेट्रन ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. जन्म वॉर्डात काढलेली बाई, पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या, गुडघे कुरकुरतात, आणि ही म्हणे चिखलात उतरणार. मी त्यांचा समज दुरुस्त करत नाही. लावणीला जाते हे खरंच आहे. फक्त खाचर आमचं नसतं, सरांचं असतं, आणि सरांच्या नावावर वीतभर जमीन कधी नव्हती. हे कसं, ते सांगायचं तर आधी सर सांगावे लागतील.

सर भोरचे. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत ते आणि चाची राहायचे. चाची म्हणजे त्यांच्या पत्नी; आम्ही सगळी पोरं त्यांना चाचीच म्हणायचो. आमची शाळा विंझरच्या अलीकडे, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून. भोरहून सकाळच्या एसटीनं निघायचं, हायवेला फाट्यावर उतरायचं, तिथून वेल्ह्याच्या गाडीची वाट बघायची. पावसाळ्यात ती गाडी कधी यायची, कधी यायची नाही. सर मात्र यायचेच, मग दुधाच्या टेम्पोतून का होईना. काळी छत्री शर्टाच्या कॉलरला मागून अडकवलेली, हात मोकळे, आणि दोन्ही खिशांत फुटाणे. इंग्रजीच्या तासाला आधी फुटाण्यांचा वास वर्गात यायचा, मग सर.

त्यांचं शिकवणं म्हणजे आमच्या हेडमास्तरांच्या भाषेत नाटकमंडळी. वर्ग त्यांनी तीन भागांत तोडला होता. दाराच्या बाजूला शब्दांची डोकी बसायची, खिडकीच्या बाजूला शेपट्या आणि मधल्या रांगांत धडं. डोकी म्हणजे शब्दाच्या पुढं लागणारे इंग्रजी तुकडे: अन, डिस, रि, प्री. शेपट्या म्हणजे मागं लागणारे: नेस, लेस, फुल, एबल. एकदा तुकडा मिळाला की तो वर्षभरासाठी तुमचा. त्याच्यापासून होणाऱ्या सगळ्या शब्दांची जबाबदारी तुमची. धडांना मात्र रोज नवा शब्द मिळायचा. मधला मुलगा उठून "केअर" म्हणाला की खिडकीकडून लेस धावत यायची आणि त्याच्या शेजारी उभी राहायची. मग सर विचारायचे, आता हा कोण झाला? निष्काळजी, सर. मग लेसला हाकलून फुलला बोलवायचं. आता? काळजी घेणारा, सर. ज्यांचा शब्द जमला त्या सगळ्यांना मूठ मूठ फुटाणे.

शब्द चुकला तरी एक फुटाणा मिळायचा. ती मजुरी, असं सर म्हणायचे. माणूस कामाला आला होता ना, मग रिकाम्या हातानं कसा जाईल. एकदा 'अन' नावाच्या मुलानं "अनगुड" असा शब्द जुळवून आणला. सर डोळे मिटून बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, व्हायला खरं तर हरकत नव्हती, पण इंग्रजांना सुचलं नाही. त्या दिवशी त्याला दोन फुटाणे मिळाले.

मी 'रि' होते. रि म्हणजे पुन्हा. मला तो तुकडा अजिबात आवडला नव्हता. 'अन'चा थाट मोठा, त्याचे शब्द ढिगानं. 'डिस' म्हणताना कसं भांडल्यासारखं वाटतं. आणि मी आपली पुन्हा, पुन्हा. तुकडा बदलून द्या म्हणून मी सरांच्या मागं लागले. ते म्हणाले, आधी वर्षभर वापरून बघ, फाटला तर बदलून देतो.

सरांना आमची खरी नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. शाळा सुटल्यावरही आम्ही त्यांच्या लेखी तुकडेच. माझी मैत्रीण 'लेस' हिचं पुढं लग्न ठरलं तेव्हा सर भोरहून लग्नाला आले. त्या दिवशी गावात दोन मांडव होते. सर पहिल्या मांडवाच्या दाराशी जाऊन विचारू लागले, लेसचं लग्न हेच का? तिथल्या लोकांना वाटलं, हा माणूस साडीची किनार विकायला आलाय. आम्ही धावत जाऊन त्यांना आमच्या मांडवात आणलं, तेव्हा ते आमच्यावरच रागावले होते. एवढं सोपं नाव गावात कुणाला माहीत नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं.

नसरापूरच्या मेडिकल दुकानात तर ते आले की दुकानदार कपाळाला हात लावायचा. चाचीच्या गोळ्या घ्यायला जायचे आणि काउंटरवरच्या प्रत्येक बाटलीवरची अक्षरं वाचत उभे राहायचे. मागं गिऱ्हाइकांची ही रांग. अँटी, अँटी, अँटी, असं पुटपुटायचे आणि मागच्या म्हाताऱ्याला सांगायचे, बघा, हे सगळे एकाच घरातले आहेत. म्हातारा बिचारा खोकल्याचं औषध न्यायला आलेला.

आम्हालाही त्यांनी बिघडवलं. घरी मराठीला तुकडे लावायची खोड लागली. एकदा शाळेतून आल्यावर आईनं विचारलं, जेवलीस का, तर मी म्हणाले, मी अनजेवलेली आहे. आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

त्यांचं एक वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तासाला एकदा तरी यायचंच. "मोठा शब्द दिसला की घाबरायचं नाही. डोकं धरायचं, शेपूट धरायचं, मधे जे उरतं ते ओळखीचंच निघतं."

एवढं सगळं असून मी दहावीला इंग्रजीत नापास झाले.

बाकीचे विषय सुटले होते, मराठीत तर शाळेत पहिली होते. इंग्रजीचा पेपर हातात आला तेव्हा त्यातले निम्मेअधिक शब्द मी फोडू शकत होते, पण ओळीनं चार वाक्यं लिहायची म्हटल्यावर पेन हलेना. निबंध कोराच राहिला. निकालाच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हशा झाला म्हणे. तुकडे शिकवले, तुकडेच हाती आले, असं कुणीसं म्हणालं. मी ओढ्याच्या वाटेनं रडत घरी गेले.

आमची वाडी शाळेपासून ओढ्यापलीकडे. घरात मी, आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. मोठा भाऊ पुण्यात कंपनीत लागलेला, त्याला लावणीला रजा मिळायची नाही. आईचं कंबरडं त्या वर्षी धरलं होतं, तिला वाकताच येत नव्हतं. अण्णांनी निकाल ऐकला आणि ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की झालं ते झालं, आता शाळेचा नाद पुरे, लावणीला एक हात झाला, आणि भात निघाल्यावर बघू कुठं स्थळ. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसता येतं हे मी त्यांना सांगितलंही नाही. सांगून उपयोग नाही हे मला दिसत होतं. शिकून नर्स व्हायचं हे मी मनाशी धरलं होतं, आणि ते त्या आठवड्यात हातातून गेलं असं मी समजून चालले.

पुढच्या रविवारी भर पावसात सर आमच्या बांधावर येऊन उभे राहिले. अण्णा चिखलणी करत होते. सरांनी छत्री उघडली नव्हती. ती नेहमीसारखी कॉलरला लटकलेली आणि सर नखशिखांत भिजलेले.

"पोरगी नापास झालेली नाही," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मी तिला तुकडे दिले, ते एका ओळीत बांधायला शिकवलं नाही. तिला ऑक्टोबरला बसवा. मी रोज शिकवायला येतो."

अण्णांनी बैल थांबवले. "गुर्जी, तुमचं समदं खरं हाय. पर हिच्या आईला वाकता येत न्हाई. ही पुस्तक घिऊन बसली तर खाचरं कोन लावनार?"

"लावणी उरकली तर बसवाल?"

"उरकली तर बसंल की. पर उरकनार कशी?"

सर वळले. बांधावरून जाताना एकदा घसरले, सावरले आणि ओढ्याकडे दिसेनासे झाले. अण्णा मला म्हणाले की मास्तर माणूस चांगला आहे, पण त्याला शेतातलं काय कळतं. मलाही तसंच वाटलं, आणि पुढं जे झालं त्यात अण्णाच बरोबर ठरले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं की एखाद्या घरी लावणीला माणसंच नसली तर वाडीत काय करतात. पोरं म्हणाली, इर्जिक घालतात. म्हणजे काय? म्हणजे आजूबाजूच्या घरांतली माणसं जमतात, एका दिवसात त्या घरची लावणी उरकून टाकतात, आणि ते घर सगळ्यांना जेवण घालतं. सरांना एवढं पुरलं. जन्म भोरच्या बाजारपेठेत गेलेला. इर्जिक हा शब्द त्यांनी ऐकलेला असेल, पण त्याचं डोकं, धड, शेपूट काही तपासलं नाही. स्वतःचा नियम त्यांनी इंग्रजीपुरताच ठेवला होता. शाळा सुटल्यावर ते वाडीवाडीतून फिरले आणि आमच्या खाचरावर रविवारी इर्जिक आहे असं परस्पर सांगून आले. ज्याचं शेत त्यानं स्वतः जाऊन बोलवायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार. लोकांना वाटलं, अण्णांनीच मास्तरला पाठवलं असेल.

रविवारी सकाळी आमच्या दारात इरली आणि घोंगड्या घेतलेली माणसं जमू लागली. अण्णा तंबाखू मळत पडवीत बसले होते, ते तसेच उठले आणि बघतच राहिले. दारात आलेल्या माणसांना परत जा म्हणायची रीत नाही. आई कंबर धरून चुलीशी गेली. शेजारच्या काकूंनी आपल्या घरचे तांदूळ आणले, कुणी वाटाणे आणले, आणि मोठ्या पातेल्यांत भात आणि आमटी शिजायला लागली.

सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खाचरात उतरले आणि पहिल्याच पावलाला बसले. अगदी मांडी घालून बसल्यासारखे. बाया हसायला लागल्या, सरही हसले, आणि उठायच्या आधी बसल्या जागीच त्यांनी रोपांची मूठ मागितली. लावताना ते अख्खी मूठ एकाच ठिकाणी खोचायचे, तीही आडवी. मागून येणारी काकू ती उपटून नीट लावायची. सरांच्या ते लक्षात आलं, तेव्हा त्यांनी खाचराच्या त्या टोकावरून मला हाक मारली. "रि, हा शब्द तुझा. रिप्लांट." एका टोकाला डोकी आणि दुसऱ्या टोकाला शेपट्या, असे घरच्यांबरोबर आलेले वर्गातले सगळे वाकून लावत होते, आणि बांधावरून बांधावर शब्द फेकले जात होते. मी रोपं लावता लावता हसत होते. निकालानंतर पहिल्यांदाच मला हसू आलं होतं.

दुपारी पंगत बसली. सरांनी अण्णांना शेजारी बसायला बोलावलं, पण अण्णा बसले नाहीत. हातात भाताचं पातेलं घेऊन ते प्रत्येकाच्या ताटापाशी फिरत होते. सरांनी पुन्हा आग्रह केला तेव्हा अण्णा म्हणाले, "इर्जिकीत मालक शेवटी जेवतो, गुर्जी. ज्यांनी आपल्यासाठी हात चिखलात घातले, त्यांची जेवनं झाल्याबगर आपल्याला घास उतरत न्हाई. तवर हुभंच ऱ्हायाचं." सर जेवायचे थांबून त्यांच्याकडे बघत राहिले. नवा तुकडा मिळाला की ते असेच बघायचे.

दिवस कलायच्या आत सगळी खाचरं हिरवी झाली. कोपऱ्यातल्या खाचरात सरांनी लावलेली एक ओळ उरली होती, साप गेल्यासारखी वाकडी. काकू ती उपटायला वाकली, तर अण्णा म्हणाले, असू दे, ती गुर्जींची हाय.

माणसं पांगल्यावर सर अण्णांसमोर येऊन उभे राहिले आणि शब्दाची आठवण करून दिली. लावणी उरकली, आता पोरगी परीक्षेला बसणार ना? अण्णांनी मान खाली घातली. त्यांना सांगताना जड जात होतं हे मला दिसलं.

"बसवली असती, गुर्जी. पर आता ती घरी कुठं ऱ्हानार? आज जेवढ्या घरची मानसं आली, त्या परत्येक घरी आमच्यातलं एक मानूस लावनीला गेलं पायजे. इर्जिक फेडावी लागती. हिची आई जाऊ शकत न्हाई. मला बैल घिऊन चिखलनीला जायाचंय. म्हंजी हीच जानार. समदा म्हैना जाईल."

सरांच्या चेहऱ्यावरचं पाणी पावसाचं होतं की घामाचं कळेना. माझे चार दिवस वाचवायला गेले आणि माझा सगळा महिना गहाण टाकून बसले, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. ते म्हणाले की हे मला कुणी सांगितलं नाही. अण्णा म्हणाले की तुम्ही विचारलं कुठं. मी चुलीजवळ उभी होते आणि मला वाटलं, आता सर छत्री घेऊन भोरला जातील आणि हे सगळं इथंच संपेल.

"इर्जिक मी घातली," सर म्हणाले. "मग फेडणार मी."

"गुर्जी, तुमाला लावाया येत न्हाई."

"शिकेन. तुमची मुलगी माझ्याकडून इंग्रजी शिकतेय. मी तुमच्याकडून हे शिकतो."

अण्णांना वाटलं, माणूस रागाच्या भरात बोलतोय. पण पुढच्या दिवशी शाळा सुटल्यावर सर विजार दुमडून पहिल्या घरच्या बांधावर हजर. त्या घरची म्हातारी त्यांना खाचरात उतरू देईना. मास्तरला चिखलात घालायचं पाप मी करणार नाही, म्हणाली. सर म्हणाले, आजी, मी परत गेलो तर ती पोरगी येईल, आणि तिची परीक्षा बुडाली तर ते पाप कुणाचं? म्हातारीनं त्यांना रोपांची मूठ दिली.

मग तो महिना सर सगळ्या वाड्यांवर लावणी करत फिरले. रविवारी दिवसभर, एरवी शाळा सुटल्यावर उजेड असेपर्यंत. शेवटची गाडी चुकली तर शाळेतच झोपायचे. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून शाळेच्या इभ्रतीबद्दल काहीतरी सुनावलं. सर म्हणाले, माझ्या चुकीची दुरुस्ती चालू आहे, संपली की चिखल धुऊन टाकतो. वर्गात खडू धरलेली त्यांची नखं काळी दिसायची. पाय पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या; आई त्यांना लावायला हळद-तेल द्यायची.

आणि खाचरातून ते आमच्या पडवीत यायचे. कंबर इतकी भरलेली असायची की त्यांना बसवायचं नाही. पोत्यावर उताणे आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि तसेच शिकवायचे. मी कंदिलाशी वही घेऊन बसायची. आज काय केलं ते इंग्रजीत सांग, असं म्हणायचे. मी दोन शब्द बोलून थांबले की झोपल्या झोपल्या हात हलवायचे, पुढं, पुढं, ओळ मोडायची नाही. मी घरातलं सगळं त्यांना इंग्रजीत सांगितलं: म्हैस व्याली, आईची कंबर, काकूचं भांडण. चुकलं तरी अडवायचे नाहीत. वाक्य पूर्ण झालं की खिशात हात घालून भिजलेला फुटाणा काढून द्यायचे. कधी कधी मी वाक्य पूर्ण करायची आणि हात पुढं यायचाच नाही. सर झोपलेले असायचे. मग अण्णा हळूच उठून त्यांच्या अंगावर घोंगडी टाकायचे.

शेवटच्या घरची लावणी झाली त्या दिवशी त्या घरच्या बाईनं सांगितलं की मास्तरांची ओळ आता सरळ येते. सरांनी हे आम्हाला येता-जाता ऐकवलं. अण्णांनी माझा फॉर्म भरायला स्वतः शाळेत जाऊन सही केली. ऑक्टोबरला मी परीक्षा दिली, निबंध लिहिला, कागद अपुरा पडला आणि पुरवणी मागितली. पास झाले.

पुढचं थोडक्यात. भोरला बारावी केली, तेव्हा बऱ्याचदा चाचीच्या हातचं जेवले. मग पुण्यात नर्सिंगला लागले. पहिल्याच आठवड्यात ट्यूटरनं फळ्यावर हातभर लांब शब्द लिहिला, हायपोग्लायसेमिया. मराठी शाळेतून आलेल्या आम्ही मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. शेजारची तर रडायच्या बेतात होती. मी मनातल्या मनात डोकं धरलं, हायपो, म्हणजे कमी. ते सकाळीच शिकवलं होतं. शेपटी धरली, एमिया; ॲनिमियातली तीच, रक्ताची. मधे उरलं ते ग्लुकोजच्या घरातलं दिसत होतं. रक्तात साखर कमी. मी हात वर केला तेव्हा मला वर्गात फुटाण्यांचा वास आला, खरंच सांगते. सगळी वैद्यकी म्हणजे डोकी आणि शेपट्याच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं, आणि सरांनी मला काय देऊन ठेवलंय तेही कळलं. माझ्या हातून आजवर जे काही चांगलं झालं असेल, त्यातलं बरंचसं त्या माणसाचं आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणू दिलंच नसतं त्यांनी.

नोकरी लागल्यावर मी अण्णांना घेऊन भोरला त्यांच्या घरी गेले. अण्णांच्या खांद्यावर तांदळाचं गठुडं होतं. दरवर्षी भात झोडल्यावर सरांची ओळ होती त्या कोपऱ्यातल्या खाचराचे तांदूळ वेगळे काढून ते भोरला पोचते करायचे. सरांनी दारातच मला अडवलं आणि विचारलं, नवीन काय आणलंस? मी म्हणाले, आयटिस. शेपटी आहे. अर्थ, सूज. टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस. सरांचा चेहरा असा फुलला की जणू मी त्यांना मिठाईचा पुडाच दिला. आत जाऊन त्यांनी चाचीला सांगितलं की तुझ्या गुडघ्यांना आयटिस झालंय. चाची म्हणाल्या, नाव ठेवून झालं असेल तर औषध पण आणा.

चहा पिता पिता अण्णांनी मनातलं काढलं. "गुर्जी, समद्या घरांची इर्जिक तुमी फेडली. पर तुमी आमच्या खाचरात राबलात, तुमचा दीस आमच्याकडं तसाच ऱ्हायलाय. तुमाला शेत न्हाई, आमी फेडायचं कुठं?"

सर म्हणाले, दरवर्षी तांदूळ आणता की. अण्णांनी मान हलवली. तांदूळ तांदळाच्या जागी, इर्जिक हातानंच फिटते. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"माझं खाचर आहे विंझरला," मग ते म्हणाले. "दहावीचा वर्ग. लावणी जुलैतच असते. एक दिवस पाठवा हिला."

सरांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. मी रजा टाकली आणि एसटीनं गेले. वर्गात तीच दाराकडची डोकी, त्याच खिडकीकडच्या शेपट्या. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मी फळ्याशी उभी राहिले. खाचरात पहिलं पाऊल टाकताना सरांचं जे झालं तेच माझं झालं, फक्त मी बसले नाही. दुपारपर्यंत मी मुलांना आजारांची डोकी आणि औषधांच्या शेपट्या वाटल्या. दाराकडच्या एका मुलीनं माझ्याकडे तक्रार केली की तिला 'रि' मिळालाय आणि तो तिला नको आहे. मी तिला म्हणाले, वर्षभर वापरून बघ.

सर आता नाहीत. मी जाते ते अजून त्यांच्याच खाचरात, दर जुलैला. पण मनात असतो तो पहिला दिवस.

मधली सुट्टी झाली. सरांनी पिशवीतून डबा काढला, चाचीनं दिलेला. डाळीचा दालचा आणि भात. बाकावर रुमाल अंथरून त्यांनी माझं ताट वाढलं. ताट एकच होतं. मी म्हणाले, सर, बसा ना, तुम्हीही घ्या. ते बसले नाहीत. हातात डबा धरून बाकाशेजारी उभे राहिले, भात कमी दिसला की वाढायचे. दारातून शाळेचा शिपाई बघत होता, त्याला काही कळेना. मला कळत होतं. मी मान वर केली नाही. मी सावकाश जेवले, ताटात एक शीत ठेवलं नाही. माझं जेवण होईपर्यंत सर उभेच होते.